बक्कलही सरकलं होतं

रुग्णालयात तिला सगळे ‘श्वास रोखा’ म्हणत. तेवीस वर्षं एक्स-रे विभागात ती दिवसाला साठ-सत्तर माणसांना हेच दोन शब्द सांगत आली होती. ती दिसली की नव्या मुली एकमेकींना कोपरखळी मारायच्या, “गप्प, श्वास रोखा येतेय.” तिचा त्याला आक्षेप नव्हता. तिला चीड दोनच गोष्टींची होती : हललेली फिल्म, आणि अंगावरचा धातू न उतरवता काढलेली फिल्म.

म्हणून धाकट्या भावाने दोन फिल्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा तिची नजर मणक्यांकडे गेलीच नाही.

भाऊ फरशी बसवायचा. उकिडवं बसून बसून पाठीचे बारा वाजले होते. तिच्याच रुग्णालयात दाखवलं, तर डॉक्टरांनी चार मिनिटांत गोळ्या लिहून पुढच्याला हाक मारली. मग कोणीतरी एका कायरोप्रॅक्टरचा पत्ता दिला. हा माणूस हाताने झटका देऊन मणके जागेवर बसवायचा. त्याने भावाचं पाऊण तास ऐकून घेतलं, पाठीतून कट् असा आवाज काढला आणि चाळीस बैठका ठरवून दिल्या. दहा झाल्या होत्या.

“ही आधीची, ही नंतरची. मणका सरकला होता, आता बघ कसा ओळीत आलाय,” भाऊ म्हणाला.

तिने दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्या.

“पट्टा उतरवायला नाही सांगितला?”

“पट्ट्याचं काय मध्येच?”

“हे पांढरं चौकोनी आहे ना, ते तुझं बक्कल. आधीच्यात तिरकं, नंतरच्यात सरळ. त्याचाही मणका सरकला होता का रे?”

भाऊ जवळ येऊन बघू लागला.

“एका पायावर भार देऊन उभा होतास. अख्खा माणूस तिरका होता. दुसऱ्या वेळी पाय जुळवून उभा राहिलास. लेव्हलची पट्टी वाकडी धरून तू कुणाच्या घराला वाकडं म्हणतोस का?”

“दुखत होतं म्हणून तसा उभा होतो. आता कमी दुखतं, त्याचं काय?”

“कमी दुखतं ते चांगलंच आहे. पण फिल्मवर बरं झालेलं हाड नाहीये, तुझी उभं राहायची तऱ्हा आहे.”

“तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस, ताई. शनिवारी पोरीला नेतोय. तिच्या कानदुखीचं मूळ मानेत आहे, म्हणाले.”

पोरगी नऊ वर्षांची. बहिणीच्या डोक्यात तिडीक गेली. पण नुसतं ओरडून भाऊ ऐकणार नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

पुढचे तीन दिवस तिने दुपारच्या सुट्टीत वाचलं. ग्रंथपालबाईंकडून अभ्यासांचे अहवाल काढून घेतले आणि आपल्या बाजूचे तेवढे न वेचता सगळे वाचले. कंबरदुखीला ही झटक्यांची पद्धत थोडी उपयोगी पडते, साधारण व्यायामाइतकी, हे तिने नाइलाजाने मान्य केलं. बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते, हेही त्यात होतं. कानदुखीसाठी भरवशाचा एकही पुरावा सापडला नाही. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी मात्र होत्या. मोजक्याच, आणि झटक्यामुळेच झालं का याबद्दल वादही होता, पण होत्या. काही कायरोप्रॅक्टरांनी स्वतःच लिहिलं होतं की, सरकलेल्या मणक्यामुळे सगळे रोग होतात हे आता बोलणं सोडा. हे वाचून तिचा राग दुप्पट झाला. म्हणजे त्यांच्यातल्यांनाही माहीत होतं.

तिच्या विभागात ‘सरकला’ हा शब्द कोणी वाऱ्यावर सोडत नसे. डॉक्टर मोजायचे, मिलिमीटर लिहायचे आणि खाली सही करायचे.

शनिवारी ती भावाबरोबर गेली. दारावर दोन नावांची पाटी होती, खोली स्वच्छ होती. भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक मणक्यापासून एकेका अवयवापर्यंत रेघ ओढली होती. कायरोप्रॅक्टर पोरीच्या उंचीला वाकून गोड बोलला. त्याने मानेवर बोटं फिरवली आणि तिसऱ्या मणक्यावर थांबला. “हा. डावीकडे सरकलाय.”

“किती?”

“म्हणजे?”

“मिलिमीटरमध्ये.”

“मॅडम, हे पट्टीने मोजायचं नसतं, हाताला कळतं.”

“मग पलीकडच्या खोलीत तुमचे भागीदार आहेत ना? त्यांच्याही हाताला कळू दे. तुम्ही काही सांगू नका.”

तो हसला. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून त्याने हाक मारली. भागीदार आला, त्यानेही बोटं फिरवली. पोरीला गुदगुल्या होऊन ती खांदे आखडायला लागली.

“पाचवा,” भागीदार म्हणाला. “उजवीकडे.”

भावाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग पहिला शांतपणे म्हणाला, “दोन्ही बरोबर आहे. दोन असतात कधीकधी.”

भावाने पोरीच्या चपला उचलल्या. “चल गं.” रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, “माझा गवंडी असं म्हणाला असता, तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवला असता.” आणि लगेच, “माझ्या पाठीच्या बैठका मी सोडणार नाही. सांगून ठेवतो.”

“मानेला हात लावू देऊ नकोस. बाकी तुझी पाठ, तू बघ.”

तिथूनच ती दोघांना आपल्या रुग्णालयात, कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कानात दिवा धरला, थेंब लिहिले, कागद सरकवला आणि दाराकडे बघितलं. भावाने बहिणीकडे बघितलं. बघ, तुझे लोक, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं.

आणि ते खरं होतं. तिकडचा माणूस पाऊण तास बसला होता. खोटं बोलला, पण बसला होता. तीन दिवस साठवलेला राग आता तिला आपल्याच रुग्णालयाकडे वळलेला दिसला.

ती उठली नाही.

“डॉक्टर, हिला काय झालंय ते हिच्या बापाला सांगा.”

“बाहेर रांग आहे, सिस्टर.”

“मी सिस्टर नाही, एक्स-रेची आहे. रांग मलाही असते. तुम्ही हे सांगितलं नाहीत, तर दुसरं कोणीतरी सांगतं. आत्ता त्यांच्याकडूनच येतोय आम्ही.”

डॉक्टर चिडले. कपाळावर आठी घेऊनच त्यांनी थेंबांचा कागद उलटा केला, पेन उघडलं आणि कानाचं चित्र काढायला सुरुवात केली. भावाने खुर्ची पुढे ओढली.