पाण्याचा आवाज ऐकणारे गजभिये सर

गजभिये सरांची पहिली भेट झाली ती समता कॉलोनीतल्या आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर, एप्रिलच्या भर दुपारी. मी मुलाखतीला आले होते आणि सॉफ्टवेअर विभागाचे हे प्रमुख ओल्या फडक्याने सौर पॅनेल पुसत होते. आज वीज कमी का, असं त्यांनी विचारलं. मी प्रोग्राममधल्या दहा शक्यता सांगितल्या. सरांनी ते फडकं माझ्या हातात दिलं. ते धुळीने काळं झालं होतं. नोकरी मिळाली, नवा ड्रेस कायमचा गेला, याचीही या गौरवग्रंथात नोंद व्हावी.

शेतातल्या सौर पंपांवर कार्यालयातून लक्ष ठेवणं हे आमचं काम. पंप चालू असला की पडद्यावर हिरवा ठिपका दिसतो. शहाणी माणसं ठिपका पाहून तक्रार मिटवतात. सरांचा नियम वेगळा. शेतकऱ्याला फोन करायचा, तो पाइपाच्या तोंडाशी धरायला सांगायचा आणि पाण्याचा आवाज स्वतः ऐकल्याशिवाय तक्रार मिटवायची नाही. कोणी लग्नाला गेलेला असे, कोणाचा फोनच लागत नसे. तक्रारी साचत, कंपनीचे मालक आमच्यावर डाफरत आणि सर निवांत चहा घेत. अशा माणसापुढे डोकं आपटावं तरी किती?

माझ्या बढतीच्या वेळी तर कहर झाला. मी लिहिलेली नवी प्रणाली सोमवारी सुरू झाली की टीम लीडपद पक्कं होतं. शुक्रवारी चाचणीत सगळे ठिपके हिरवे होते. फक्त अभनपूरजवळच्या एका बाईंचा फोन बंद होता, म्हणून त्यांच्या पंपाचा आवाज ऐकायचा राहिला होता. मी सरांच्या विनवण्या केल्या. त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. अभनपूरपर्यंत मी मागे बसून घड्याळ बघत होते.

पंप चार दिवसांपासून बंद होता. नेटवर्क गेलं की माझा प्रोग्राम जुनाच हिरवा ठिपका दाखवत राही. बाईंची भेंडी माना टाकून उभी होती. त्या रागावल्या नाहीत. शेजारच्या विहिरीवरून आणलेलं पाणी त्यांनी आधी आम्हाला प्यायला दिलं, तेव्हा मला फार लाज वाटली.

परतताना मी सरांना विचारलं, अहवालात काय लिहिणार?

“जे झालं तेच लिहीन,” ते म्हणाले. “अन् पंप सुरू होईपर्यंत ही पोट्टी वावरातून हलली नाही, हेबी लिहीन.”

त्यांनी दोन्ही लिहिलं. बढती वर्षभर लांबली. मी घरी जाऊन रडले आणि महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या महिन्यात रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी मला ती चूक मुळापासून दुरुस्त करायला शिकवलं. मी तोंड फुगवून बसलेली, आणि त्यांचं शिकवणं चालूच.

आज विभाग माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या आधी सरांनी त्यांचा शेवटचा प्रोग्राम तपासायला दिला. मी तो परत पाठवला, कारण त्यात चूक होती. दिवसभर ते माझ्याशी भांडले. संध्याकाळी टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“तुयं बरोबर हाये,” ते म्हणाले. “आता मले घरी जायले हरकत नाही.”

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घेण्याची बुद्धी होवो. त्यांनी घरी जायला माझी मात्र हरकत आहे. त्या संध्याकाळी हे तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहिते.