किल्लीचा दोरा

आमच्या ह्यांना सगळे मुंगी म्हणतात. सहा फूट उंची, त्यात पोट सुटलेलं, तरी मुंगी! कारण मुंगी शिरेल तिथून हे वायर नेणार. घरोघरी कॅमेरे बसवायचे, त्यांच्या केबली ओढायच्या, हे आमचं काम. आमचं म्हणजे दोघांचं. एका टोकाला हे ढकलतात, दुसऱ्या टोकाला मी ओढते आणि मधल्या भिंतीतून आमचं भांडण चालतं.

भांडणाचं कारण बहुतेक वेळा एकच. पाइपातून केबल ओढताना हे तिच्यासोबत नायलॉनचा दोराही ओढतात आणि आत तसाच ठेवून देतात. म्हणे, पुढे कुणाला दुसरी केबल टाकायची झाली तर? अहो, तो पुढचा कोण, कुठला, तुम्हाला काय पडलंय त्याचं? सव्वीस वर्षांच्या संसारात माझा वाढदिवस एकदाही लक्षात राहिला नाही, पण दोरा कधी विसरले नाहीत!

परवा एका निवृत्त नर्सबाईंकडे काम होतं. बाई एकट्या, जिभेला धार. दोन कॅमेरेवाल्यांना त्यांनी आधीच दारातून परत पाठवलं होतं, म्हणून दूर राहणाऱ्या मुलाचा धीर संपला होता. त्याने बजावलं होतं, आज पाच वाजेपर्यंत फाटकाचा कॅमेरा माझ्या फोनवर दिसला नाही तर रविवारी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावतो आणि तुला इकडे आणतो.

"माझी झाडं सोडून मी कुठ्ठेही जाणार नाही," बाई आम्हाला ठणकावून म्हणाल्या. डोळे मात्र भरले होते.

हॉलपासून फाटकावरच्या दिव्यापर्यंत अंगणाखालून पाइप होता. ह्यांनी त्यात केबल ओढून घ्यायची लांब स्प्रिंग घातली. चार हात गेली आणि अडली. फाटकाकडून घातली, तिथेही अडली. केबल वरून न्यावी तर मधे नुसतं अंगण, ना भिंत ना खांब. चार वाजले. हे घामाघूम होऊन म्हणाले, "अंगण खणावं लागेल. आज काही होत नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मान वळवली तर दारामागे खिळ्याला किल्ली लोंबत होती, मळक्या पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली. दोरा खाली भिंतीतल्या भोकात शिरला होता.

"बाई, हा दोरा कसला?"

"तो होय? आमच्या ह्यांनी वेगळा पाइप टाकून फाटकाची बेल स्वतः बसवली तेव्हाचा. मी कापायला निघाले की ओरडायचे, 'राहू दे, कुणाला तरी लागेल!' कुणाला लागणार, कर्माचं! बेल कधीच बंद पडली, हे जाऊन नऊ वर्षं झाली. दोरा कापायचा राहूनच गेला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे धावत फाटकाशी गेले, वेल बाजूला सारून बेलची जुनी डबी उघडली. मी किल्ली सोडवून दोरा हलकेच ओढला.

"हललं! अगं, टोक हललं इथे!" इतका आनंद त्यांना आमच्या लग्नातही झाला नव्हता.

दोऱ्याला केबल बांधून, साबणाचं पाणी लावून हे म्हणाले, "घाई आहे, नवा दोरा राहू दे आज."

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की माझी मीच दचकले. "आधी दोरा बांधा!"

ह्यांनी पिशवीतून नवा दोरा काढला आणि केबलीसोबत बांधला.

मी ओढायला लागले. मधे एकदा अडलं तसं बाईंनी बाह्या सरसावल्या आणि त्याही माझ्यामागून ओढू लागल्या. "हळू!" हे तिकडून. "हळूच ओढतोय!" आम्ही दोघी इकडून. आणि सुर्रकन केबल बाहेर! आम्ही चक्क टाळ्या पिटल्या.

पाचला सात मिनिटं असताना बाई फाटकाशी गेल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी जीभ दाखवली. फोनवर मुलगा हसत सुटला. "बरं आई, राहा तिथेच!"

घरात येऊन त्यांनी नव्या दोऱ्याला किल्ली अडकवली. जुना दोरा हातावर नीट गुंडाळला आणि तो घेऊन त्या भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"लागला हो," त्या म्हणाल्या. "मलाच लागला."