तांबडीच्या पोटातली तार

पोरीच्या दातांवरची तार निघाली तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय. वाशीमच्या दातांच्या डॉक्टरांनी गुलाबी प्लास्टिकची एक प्लेट हातात ठेवली, पुढून बारीक तार असलेली, आणि म्हणाले, "ही रात्रंदिवस घालायची. फक्त जेवताना काढायची. नाही घातली तर दात हळूहळू जुन्या जागी जातात." मी मुळातच भित्री. तेवढं एक वाक्य मला पुरलं.

तिचे पुढचे दात एकावर एक चढलेले होते. हसू आलं की ओढणी तोंडावर. आता कुठे ती चारचौघांत मोकळी हसायला लागली होती. म्हणून मी हात धुऊन तिच्या मागे लागले. कॉलेजला निघाली की दारातच अडवायची, "प्लेट घातली काय व? आ कर, दाखव." ती वैतागायची. म्हणायची, "आई, बाजारात ढोर घ्याले आल्यासारखी माहे दात पाहतं तू."

रिठदच्या शिवारात आमचा भाजीचा मळा आहे. संध्याकाळी सगळे अंगणात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची तयारी करतो. मेथीच्या जुड्या बांधायच्या, सांबाराच्या बांधायच्या, गोबीची वरची पानं छाटायची. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे लोक ऐकून हसतात, हसू द्या. निघालेली सगळी छाटण आमच्या गाईला, तांबडीला जाते. आमच्याकडे एक पान फेकायची पद्धत नाही.

त्या दिवशी पोरगी भुकेजून आली आणि भाकर हातात घेऊनच आमच्यात बसली. प्लेट काढून खाली ठेवायला लागली तशी मी खेकसले, "मातीत काहून ठेवतं? तोंडात घालायची वस्तू हाय ते." तिनं गोबीचं एक स्वच्छ मोठं पान उचललं आणि त्यावर प्लेट ठेवली. मला बरंसुद्धा वाटलं, पोरीला वळण आहे म्हणून. मग तिला फोन आला, ती उठून आत गेली. अंधारायला लागलं होतं. मी नेहमीसारखी सगळी छाटण दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि तांबडीच्या गव्हाणीत टाकून आले.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. "आई, माही प्लेट?"

आम्ही गोठ्याकडे पळालो तोवर तांबडी शांतपणे शेवटचं पान चावत होती. गव्हाणीच्या तळाशी गुलाबी प्लास्टिकचा चेचलेला तुकडा सापडला. तार नव्हती. नवऱ्यानं तिची जीभ बाजूला ओढून तोंडात हात घातला, मी खालचं कुटार, म्हणजे भुसा, चाळलं, पोरीनं मोबाइलच्या उजेडात सगळा गोठा पाहिला. तार नव्हतीच. तार गिळलेल्या ढोराचं काय होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ती आतून टोचत टोचत काळजापर्यंत जाते.

सकाळी रिसोडहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी लोहचुंबकाची कांडी तिच्या घशातून पोटात सोडली, ती कायमची आतच राहते. "तार याले चिकटली तं बरंच झालं," ते म्हणाले. "पण दाताची तार येगळी असते, चिकटंलच असं मी सांगत नाई. ते खाते, रवंथ करते, तोवर भेव नाई. खाणं सोडलं तं लगेच फोन करा."

ते गेले आणि मी गोठ्यात ठाण मांडलं. तांबडी थोडं खायची, उभी राहायची, माझ्याकडे पाहायची. रवंथ काही करेना. माझा जीव टांगणीला. नवरा म्हणाला, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू अशी डोये वटारून समोर बसली तं ते काय रवंथ करंल? सरक तिकडे." मी त्याच्यावर अशी ओरडले की जणू गव्हाणीत प्लेट त्यानंच टाकली. मग भिंतीआड गेले आणि फटीतून पाहत राहिले. बऱ्याच वेळानं तिचा जबडा हलायला लागला. मी तिथंच खाली बसून रडले.

पोरगी नवीन प्लेट घ्यायला यायलाच तयार नव्हती. "तिच्या पोटात तार, अन् मी दुसरी घालू?" म्हणाली. "ते मेली तं मी हसणार नाई कदी." मी तिला ओढतच वाशीमला नेलं. इकडे दात सरकायचं भेव, तिकडे तार सरकायचं.

महिने गेले. तांबडी खाते, दूध देते, जवळ गेलं तर शिंग उगारते. तार चुंबकाला चिकटली, शेणातून गेली की आतच आहे, हे कोणी सांगू शकत नाही. हिवाळ्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गाभण हाय." घरात आनंदीआनंद. मी मात्र त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि तारेचं विचारलं.

"वासरू वाढलं की आतून पोट दाबते, वहिनी. तार असली तं तवा पुढे सरकू शकते. असंलच असं नाई. पण लक्ष ठेवजा."

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. पोरीला तर नाहीच नाही.

आता तांबडीचे दिवस भरत आलेत, पोट खाली उतरलंय. रोज सकाळी मी तिच्या कुशीवर हात ठेवून उभी राहते. काल ती रवंथ करत होती आणि हाताखाली आतून काहीतरी टोचल्यासारखं हललं. मी चटका बसल्यागत हात मागं घेतला. पोरगी दात घासत मागंच उभी होती.

"हाललं काय व आई?"

"हो," मी म्हटलं. "वासरू हाललं."

ती फेसाच्या तोंडानं हसली आणि तिनंही आपला हात तिथं ठेवला. मी तांबडीच्या जबड्याकडे पाहत होते. तो थांबला होता.