काचेच्या घरी दिलेल्या लेकी

सांगली स्टेशनावर झाकणाची बादली घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईला लोक चटकन जागा देतात. आत काहीतरी खायचं असणार असा त्यांचा समज होतो. माझी बादली रिकामी होती. मेढ्याच्या पलीकडच्या एका गावातून मला तिच्यात मासे आणायचे होते, आणि तेही जिवंत.

आमच्या मुलींच्या शाळेत नवी काचेची पेटी बसवून झाली होती. वाळू अंथरली होती, पाणी भरलं होतं, आणि सातवीच्या पोरी रोज मधल्या सुट्टीत त्या नुसत्या पाण्याकडे बघून जात होत्या. मी त्यांची विज्ञानाची बाई. मासे आणते म्हणून शब्द देऊन बसले होते.

बरोबर सासरे होते. आबा पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. माझ्या सोबतीला म्हणून निघाले असं घरात सांगितलं होतं, पण खरं म्हणजे मासे काचेत कोंडण्याच्या माझ्या बेताला विरोधी पक्ष म्हणून ते आले होते. ताकारी जाते न जाते तोच त्यांनी तोंड उघडलं.

"कलकत्त्याला पिंजऱ्यातला वाघ बगितलाय म्या. दिसभर ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, सेंट्रीवानी. पर सेंट्रीला दोन तासानं बदली तरी येती. त्येला कोन बदली देनार?"

"पण आबा, तो वाघ बघितलात म्हणून तर आज त्याच्या बाजूनं भांडताय. बघितलाच नसता तर?"

वाद अडला की आबा भडंगाची पुडी सोडतात. ती त्यांनी सोडली. समोरच्या बाकावरचा मुंडासेवाला गडी इतका वेळ कान देऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, "मासं खायाचं न्हाईत?"

"नाही."

"निस्तं बगायचं?"

"हो."

"लय रिकामा येळ हाय म्हना शाळंत," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. आबांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला अर्धी पुडी देऊन टाकली.

साताऱ्याला स्टेशनातून टांग्यानं स्टँडवर आलो आणि मेढ्याची एस.टी. धरली. शहर मागे पडलं तसा ऊस मागे पडला. डोंगर जवळ आले, माती तांबडी झाली. भात काढून झालेली पायरीपायरीची शेतं संक्रांतीनंतरच्या उन्हात मोकळी पडली होती. मेढ्यापासून पुढे चालत गेलो. वेण्णा नदी एका वळणावर खोल होते, तिथे काठावर देवीचं देऊळ आहे. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. पायरीवर पाऊल वाजलं की बोटाएवढ्यापासून हाताएवढ्यापर्यंतचे मासे काठाशी गोळा होतात. ते बघून माझं भान हरपलं. इतके मासे इतक्या जवळून मी कधी पाहिले नव्हते.

त्यांना रोज भात घालण्याचं काम गुरवाच्या आईचं, ठकूआजीचं. तिनं आधी आम्हाला जेवू घातलं. नाचणीची भाकरी आणि माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण). मग देवळाच्या पायरीवर गावची चार माणसं बसली आणि मी पदर सावरून मागणी घातली. दोनच मासे, लहानसे.

चौघांनी आजीकडे पाहिलं. शेवटी आजी म्हणाली, "ह्या देवीच्या लेकी हायेत. आमी इकत न्हाई, मारत न्हाई. पर लेक नांदायला द्यायची म्हनली तर घर बगाय लागतं."

आणि खरोखरच घर बघणं सुरू झालं. पाणी नळाचं का विहिरीचं? मी म्हटलं, विहिरीचं. ऊन लागतं का? सकाळी थोडं. घरात मांजर? शिपाई आत येऊ देत नाही. खायला वेळेवर कोण घालणार? पोरी घालतील, पाळ्या लावल्यात.

"आनि सासू कोन?"

आबांनी फार समाधानानं माझ्याकडे बोट केलं. मूल पदरात नसताना मी सासू झाले.

चौघांनी माना डोलावल्या, पण आजीची अट होती. "पंचमीला मुराळी (लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस) यील. आडवायचं न्हाई."

"म्हंजे सालाची रजा," आबा म्हणाले. "मंग माजी हरकत न्हाई."

मी लगेच कबूल झाले. दोन माशांसाठी इथून सांगलीला कोण कशाला येतंय, असा माझा हिशेब होता. डोहाच्या पाण्यासकट दोन लहान मासे बादलीत आले आणि आजीनं बादलीला हळदकुंकू लावलं. ओटीचे तांदूळ ती बादलीतच घालणार होती. पाणी नासेल म्हणून मी ते माझ्या पदरात घेतले.

परतीच्या गाडीत कराडच्या अलीकडे बघते तो पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात एक शेंगदाणा. मी वळून पाहिलं. आबा डोळे मिटून बसले होते, पण मिशीला भडंगाची हळद लागलेली.

"उपाशी दिसल्या," ते डोळे न उघडता म्हणाले.

कराडला गाडी थांबल्याबरोबर मी नळाकडे धावले आणि आबा गार्डाशी पलटणीच्या गप्पा मारत गाडी थोपवून उभे राहिले. मासे वाचले.

शाळेत त्यांची नावं पडली थोरली आणि धाकटी. मासळी बाजारातून नाक दाबून जाणाऱ्या पोरी आता कल्ले कसे उघडतात यावर भांडू लागल्या. मी दर रविवारी ही गोष्ट आबांना ऐकवत असे आणि ते दर रविवारी पेपर उलटा धरत.

नागपंचमीच्या आधी भर पावसात ठकूआजी कळशी घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. हेडमास्तर मला बोलवायला धावले. आजी काचेपुढे मांडी घालून बराच वेळ बसली. "बरी ठेवलीस," ती मला म्हणाली. "पर फिरायला जागा कमी हाय." पोरींनी कळशीची ओटी भरली, कित्येकींनी डोळे पुसले, आणि थोरली-धाकटी माहेरी गेल्या.

गौरी-गणपती झाल्यावर त्यांना आणायला मी आणि आबा पुन्हा डोहावर गेलो. आजीनं भात टाकला. पाणी माशांनी भरून गेलं.

"वळक," ती म्हणाली. "सुना तुज्या हायेत."

मी पायरीवर वाकले. रोज ज्यांच्याकडे बघत होते, ज्यांचा खवला न् खवला मला पाठ आहे असं पोरींना सांगत होते, त्या दोघी त्या गर्दीत कोणत्या ते मला सांगता येईना. त्या मापाचे सगळे मासे सारखेच होते. माझा चेहरा उतरला.

"मला तरी कुटं वळकू येत्यात," आजी खुदकन हसली. "ने ह्यातल्याच दोन. त्या बी लेकीच की."

सांगलीत पेटीभोवती ही गर्दी. "थोरली बारीक झाली," एक म्हणाली. "धाकटी काळवंडली," दुसरी म्हणाली. खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच विरोधी पक्ष पुढे झाला.

"त्याच हायेत," आबा म्हणाले. "म्या सोता धरल्या."

पोरी खूश झाल्या. तेवढ्यात एकीनं काचेवर टिचकी मारली. दोन्ही मासे दूरच्या कोपऱ्यात तोंड करून थांबले होते, हलेनात.

"बाई, ह्या आपल्याला ओळखत नाहीत."

"माहेराहून आल्यावर पहिले काही दिवस असंच असतं गं," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी वाद घातला नाही.