मामेसासऱ्यांची रेल्वे

एका बाईला दुपारची झोप लागावी म्हणून रेल्वे बांधणारा माणूस भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. निरगुडसरला राहणारे हे माझे मामेसासरे. मामी मनमाडकडच्या, रेल्वेत रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनची मुलगी, रुळाकाठच्या खोलीत गाड्यांच्या खट-खटीवर झोपत वाढलेली. लग्न होऊन आल्या त्या आंबेगाव तालुक्यात, जिथे रेल्वे येणार येणार म्हणत माणसे म्हातारी होतात. अंथरुणाला खिळल्यावर एकदा त्या म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली, पर माजं मन हितं काय रुळलं न्हाई." मामेसासऱ्यांनी त्यातला फक्त रूळ ऐकला.

मामींच्या खाटेभोवती फळ्या लागल्या आणि सेलवर चालणाऱ्या बोटभर गाडीची तयारी सुरू झाली. मी पुण्याहून तयार रूळ नेला, चकचकीत, हवा तसा वाकणारा, कुठेही सांधा नसलेला. डोळे मिटून त्यांनी त्यावरची गाडी ऐकली आणि म्हणाले, "जावईबापू, ही निस्ती घसरतीया. हिला पायच न्हाईत." खट-खट हवी तर सांधे हवेत, सांध्यात नखाच्या जाडीची फट हवी. म्हणून ते पितळी पट्टी कानसेने घासून स्वतः रूळ करत. रुळाखालचे आडवे स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे. आळेफाट्याच्या एका लग्नात सगळे नवरानवरीकडे बघत असताना हे गृहस्थ मांडवभर विनवत फिरत होते, "पावणं, काडी तेवढी चावू नका, राव!" बायकोने मला तिथून लांब नेऊन बसवले.

गाडी धावू लागली आणि मामी खरोखरच झोपू लागल्या. मिटल्या डोळ्यांनी स्टेशने सांगायच्या, "येवला गेलं." इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. एका दुपारी मात्र त्या झोपेतच ओरडल्या, "गाडी थांबवा, बाबा रुळावर हायेत!" मामेसासऱ्यांनी झडप घालून इंजिन उचलले. पाहतो तर खाटेच्या पायथ्याशी रूळ स्लीपरवरून उखडलेला. मामींचे बाबा आमच्या लग्नाच्याही आधी गेलेले. त्यानंतर गाडी कपाटात असली तरी फळ्यांतून बारीक टणटण ऐकू यायची, कुणी इवल्या हातोडीने सांधे तपासत चालल्यासारखी. मी तर पाय वर घेऊनच बसलो. मामेसासरे उलट बाह्या सावरून बसले. "सासरेबुवा लई कडक मानूस. आता काम चोख पायजे."

मग मामींनी मागणे मांडले. "गोल गोल फिरून जीव दमला. लाईन दाराकडं न्या. बाबा थांबल्यात."

बायकोचा शब्द मामेसासऱ्यांनी कधी मोडला नव्हता, आणि हा पाळला तर ती जाणार हे त्यांना कळत होते. काम सुरू झाले, पण गोगलगाय परवडली. कधी काडी तिरकी, कधी गोंद पातळ. सकाळी जोडलेला तुकडा संध्याकाळी आपणच उचकटून टाकत. मामी डोळे न उघडता म्हणायच्या, "फट जास्त ठिवली तुमी. मुद्दाम." ते ओशाळून पुन्हा कानस हातात घेत. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटचा सांधा उंबऱ्यापाशी लागला तेव्हा मी तिथेच होतो. टळटळीत दुपार. इंजिन मामेसासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि ते स्वतः उंबऱ्यात, पाय पसरून, वाट अडवून बसलेले. खाटेपासून खट-खट सुरू झाली. रुळावर काहीच नव्हते. आवाज एकेक सांधा घेत जवळ आला आणि त्यांच्या पावलांपाशी थांबला. थांबूनच राहिला.

"थंडी सोसत न्हाई तिला," रिकाम्या रुळाकडे बघत ते म्हणाले. "ध्यान ठिवा."

मग त्यांनी पाय आत घेतले.

मामी झोपेतून उठल्या नाहीत. त्या दुपारची मला अजून भीती वाटते आणि त्या माणसाचा हेवाही वाटतो. अजूनही ते त्या वेळेला उंबऱ्यात बसतात, पण एका कडेला सरकून. शेजारी भरपूर जागा मोकळी असते, तरी तिथून ओलांडून आत जायला माझा पाय उचलत नाही.