बाबांचं गाणं आणि मामेभावाचा सॅक्सोफोन

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितो.

आज पिंपळगाव राजा या गावात माझ्या दिवंगत बाबांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बाबांनी स्वतः रचलेलं भीमगीत मी गाणार होतो आणि पुण्यात जॅझ शिकलेला मामेभाऊ सॅक्सोफोनवर साथ देणार होता.

पहिलं कडवं संपलं अन् गडी सुटलाच. सूर वर-खाली, ताल उलटासुलटा, बोटं मशीनसारखी. पोरं मोबाईल काढून शूटिंग करू लागली. माझी आई मात्र पुढचं कडवं सोबत म्हणायला दोनदा तोंड उघडून गप्प बसली. तिला त्यात गाणंच सापडेना.

शेवटी मी त्याचा हात धरला. "थांब बे, आईले गाऊ दे."

तो चिडला. "दादा, हे जॅझ आहे. समजायला कान लागतात."

"कान आहेत आमाले. बाबाचं गाणं आयकाले बसलो आम्ही, तुही कसरत पाहाले नाही!"

तो न जेवताच निघून गेला. मग आईनं नुसत्या ढोलकीवर उरलेलं गाणं म्हटलं, रडत, चुकत.

आता मामांचा फोन आला, "कलाकाराचा अपमान केला तू. माफी माग."

मी मागणार नाही. अपमान नेमका कोणाचा झाला, तुम्हीच सांगा.