‘येतो’ म्हणून गेलेले

आमच्या कारखान्यात माणूस टिकत नसे. ऐंशीनंतरची गोष्ट. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचा कारखाना निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आपली मुलं घरचं जेवून नोकरी करणार. कसलं काय! मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, म्हणून मला ऑफिसात घेतलं होतं. नव्या माणसाचं नेमणुकीचं पत्र टाइप करायचं आणि तो पळाला की जागा रिकामी झाल्याचं मुख्य ऑफिसला कळवायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा एकाच माणसाची दोन्ही पत्रं एकाच शाईफितीत व्हायची.

मॅनेजरसाहेब कानपूरकडचे. मराठी पुस्तकावरून शिकलेले, आणि पुस्तकावर त्यांचा फार विश्वास. त्यांना कामाला कोरी पोरं हवी असत. लांजा, पाली, कुठकुठली मुलं यायची, ज्यांनी जन्मात माग बघितलेला नाही. तुटलेला धागा सांधायचा कसा इथपासून त्यांना शिकवायचं. हात बसला की भिवंडीहून कोणीतरी मामा निरोप धाडायचा, तिथे यंत्रमागांवर माणसं हवी होती. किनाऱ्याकडच्या पोराचा आखातातला व्हिसा यायचा. मग पोरगा साहेबांच्या दारात उभा राहून अदबीने म्हणायचा, साहेब, येतो हां.

साहेब खूश. या, या, म्हणायचे. आणि त्याचा माग राखून ठेवायचे! अर्धवट विणलेलं कापड तसंच मागावर, त्यावर धूळ. मग मला विचारायचे, बाई, तो येतो म्हणाला, मग का नाही आला? मी समजावलं की आमच्यात निघताना येतोच म्हणतात, जातो म्हणणं अभद्र. साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही सगळे खोटे बोलता. आता बोला!

आणि इकडे माझ्या घरात तयार माणूस बसून होता. आमचे हे मुंबईच्या गिरणीत विणकर. लग्न झाल्यापासून आमचा संसार काय तो गणपतीत आणि शिमग्यात. मुंबईत गिरण्यांचा संप लागला, लांबत गेला, आणि हे गावी आले. देव मला क्षमा करो, लोकांच्या चुली विझत होत्या आणि मी मनातून सुखात होते. संध्याकाळी घरी यावं आणि नवरा पडवीत बसलेला दिसावा, याची मला सवयच नव्हती. यांनी गोठ्याला चिऱ्यांची भिंत घातली, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, कौलं चाळली. मग दुरुस्त करायचं काही उरेना तसे अंगणात येरझारा घालू लागले. यांना आमच्या कारखान्यात घेतलं तर हे कायमचे घरी राहतील, एवढं एकच माझ्या डोक्यात.

मी साहेबांकडे विषय काढला. मुंबईची गिरणी म्हटल्याबरोबर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. संपाचं वारं लागलेला माणूस नको, म्हणाले, आणि संप मिटला की तो पळणारच. मी म्हटलं, साहेब, वारं न लागलेलेही पळतायतच की. ते त्यांना आवडलं नाही.

त्याऐवजी त्यांनी उपाय काढला. माझ्याकडून नोटीस टाइप करून घेतली आणि आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर डकवली: ‘जे कामगार परत येणार आहेत त्यांनीच येतो असे म्हणावे. जे कायमचे जात आहेत त्यांनी कृपया जातो असे म्हणावे.’ कृपया माझं नव्हे, पुस्तकातलं. पोरं नोटीस वाचून पोट धरून हसली. पण जातो म्हणायची एकाची छाती झाली नाही. आईने काय झोडपलं असतं त्यांना! त्यापेक्षा ती काहीच न बोलता जाऊ लागली. पूर्वी निदान जाताना तोंड तरी दाखवायची.

शेवटी इतके माग बंद पडले की मुख्य ऑफिसमधून साहेबांचीच खरडपट्टी निघाली. तेव्हा एके दिवशी ते घसा खाकरून म्हणाले, बाई, तुमच्या मिस्टरांना पाठवा.

मी आदल्या रात्री यांचा सदरा इस्त्री केला, तीनदा तरी. सासूबाईंनी देवापाशी नारळ ठेवला. हे आले, साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. बसा कोणी म्हणालं नाही. मी बाजूलाच टाइपरायटरवर उगाच कागद चढवून बसले होते. संपात घोषणा दिल्या का, असं साहेबांनी विचारलं. दिल्या, हे म्हणाले. अरे देवा, म्हटलं, माणसाने जरा तरी खोटं बोलावं! पण साहेबांनी ते सोडून दिलं आणि मोठ्या उदारपणे म्हणाले, “शिकाऊ म्हणून घेऊ. नव्या मुलांबरोबर. गिरणीतलं सगळं आधी विसरायचं.”

यांची सगळी उमेद गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेली. साहेबांच्या डोक्यावरची नोटीस यांनी सावकाश वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जातो, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. “बघा बाई, एक तरी माणूस नियमाने वागला.”

त्याच आठवड्यात हे भिवंडीला गेले. एसटी स्टँडवर पिशवी उचलताना मला म्हणाले, येतो हां. मी मान हलवली. त्या शब्दाची किंमत आख्ख्या रत्नागिरीत माझ्याइतकी कोणाला ठाऊक होती! मला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला, यांचा आणि साहेबांचा, दोघांचाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर साहेब म्हणाले, मी सांगत होतो ना, गिरणीवाले टिकत नाहीत. आणि वर्तमानपत्रात द्यायची जाहिरात टाइप करायला दिली: ‘अनुभवी विणकर पाहिजेत. टिकून राहणाऱ्यांस प्राधान्य.’

मी ती नीट टाइप केली, काना-मात्रेची चूक न करता. टाइपरायटरवर झाकण घातलं. डबा पिशवीत टाकला आणि दारात उभी राहून म्हटलं, “येते हं, साहेब.”

“या, या,” ते मान वर न करता म्हणाले.

पुढे बाजारात आमचा शिपाई भेटला. तो सांगत होता, साहेब त्या टाइपरायटरला अजून कोणाला हात लावू देत नाहीत. बाई येते म्हणून गेल्यात, म्हणतात.